कूट की द्यूत? शब्दकोड्याची कहाणी



चिंचवडहून चाकणच्या कारखान्यांकडे कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या पहाटे सुटतात. पहिल्या पाळीची मंडळी अर्धवट झोपेत असतात. कुणी डबा मांडीवर घेऊन डुलक्या घेतो, कुणी मोबाईल पाहतो. पण एखाद्या बाकावर अजूनही एक वर्तमानपत्र आणि त्याभोवती चार डोकी दिसतात. असाच एकदा मी त्या गाडीतून चाललो होतो. पुढच्या बाकावरच्या सुपरवायझर साहेबांच्या गुडघ्यावर त्या दिवशीचे शब्दकोडे होते. आडव्या शब्दाचे सूत्र असे होते: 'शेतकरी हे जिवापलीकडे जपतो.' घरे दोन, आणि दुसऱ्या घरात 'न' हे अक्षर आलेले. साहेबांनी 'मान' लिहिले. शेजारचे म्हणाले, "मान कशाला? धान असेल." झाला वाद सुरू! दोघांचेही म्हणणे बरोबरच वाटत होते.

आता त्याच पहिल्या घरातून खाली एक उभा शब्द जात होता. त्याचे सूत्र: 'भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून तयार करतात.' हेही दोनच घरांचे. साहेबांना ते काही केल्या येईना. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मावळातला पोरगा म्हणाला, "साहेब, राब लिहा की."

'राब' म्हटल्याबरोबर पहिल्या घरात 'रा' बसला. मानही नाही, धानही नाही, शब्द निघाला 'रान'. वाद मिटला. दोघेही हसले, आणि साहेबांनी पेन त्या पोराच्या हाती दिले.

मंडळी, प्रसंग एवढासाच. पण शब्दकोडे म्हणजे काय, ते चांगले कधी आणि वाईट कधी, याचे सगळे उत्तर त्यात आहे. आणि याच प्रश्नावर आपल्या देशात एकदा कायदा झाला, सर्वोच्च न्यायालयात खटला चालला, हे तुम्हाला सांगितले तर खरे वाटेल का? तीच कहाणी आज सांगायची आहे.

कोडी घालण्याची हौस आपल्याला नवी नाही. लग्नातले उखाणे, आजीने चुलीपुढे बसून घातलेली कोडी, कोकणातली हुमणे, नाथांची भारुडे, ही आपली जुनी ठेव. आणि चिंचवड तर मोरया गोसावींचे गाव. पवनेच्या काठी त्यांची समाधी आहे, गणपतीचे ते मोठे स्थान. या गणपतीचीच एक कथा आहे. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहायचे असे ठरले. गणपतीची अट अशी, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग पुढचे रचायला उसंत हवी झाली, की व्यास मध्येच एखादा अवघड श्लोक घालीत आणि गणपतीला विचार करावा लागे. असे ८,८०० कूटश्लोक महाभारतात आहेत, अशी परंपरा सांगते.

आता गंमत पाहा. त्याच महाभारतात द्यूतही आहे. कूटापुढे विचार करणारा अर्थापर्यंत पोचतो. द्यूतात फासा पडतो तसा पडतो. धर्मराज शहाणा होता म्हणून काही फाशाने त्याचे ऐकले नाही. कूट आणि द्यूत ही जोडी नीट ध्यानात ठेवा. पुढची सगळी कहाणी या दोन शब्दांभोवती फिरते.

आज आपण ज्याला शब्दकोडे म्हणतो, ते चौकटींचे कोडे मात्र परदेशातून आले. आर्थर विन नावाचा एक पत्रकार होता. जन्म इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा, नोकरी अमेरिकेत, 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात. रविवार, २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात त्याने शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. त्याने ठेवलेल्या नावाचा अर्थ होता 'शब्द-छेद'. काही आठवड्यांनी छापखान्यात खिळे जुळवताना नावाचे दोन्ही तुकडे उलटे लागले आणि 'छेद-शब्द' झाले. तेच नाव जगभर रूढ झाले, त्यालाच आपण क्रॉसवर्ड म्हणतो.

पुढे १९२४ साली अमेरिकेत कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि लोकांना वेड लागले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच वर्षी या वेडाला नावे ठेवणारा लेख छापला. वेळेचा अपव्यय आहे, म्हणाले. पण १५ फेब्रुवारी १९४२ पासून त्याच वर्तमानपत्राने स्वतः कोडे द्यायला सुरुवात केली! लंडनच्या 'टाइम्स'मध्ये ते १ फेब्रुवारी १९३० पासूनच येत होते. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या जानेवारीत, लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'ने आपल्या कचेरीत एक स्पर्धा घेतली. बारा मिनिटांत कोडे सोडवायचे. त्यात चमकलेल्या काहींना पुढे शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याच्या कामावर बोलावले गेले. म्हणजे नीट रचलेले कोडे सोडवणे हे डोक्याचे काम आहे, याबद्दल शंका राहिली नाही.

मग खटला कशाचा झाला?

तिकडेच येतो. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या सुमारास बक्षिसाच्या शब्दकोड्यांची साथ आली. वर्तमानपत्रातले किंवा साप्ताहिकातले कूपन कापायचे, उत्तरे भरायची, प्रवेशफी जोडायची आणि पाठवून द्यायचे. बक्षिसे डोळे दिपवणारी. आता या कोड्यांची रचना पाहा. बसमधले आपले सूत्र घ्या: 'शेतकरी हे जिवापलीकडे जपतो.' दुसऱ्या घरात 'न' छापूनच दिलेला. पहिले घर मोकळे, आणि त्यातून खाली जाणारा शब्दच नाही! मग मान लिहायचे, धान लिहायचे की रान? तिन्ही शब्द मराठी, तिन्ही अर्थाला बसतात. बरोबर कुठले? तर आयोजकांनी आधीच ठरवून मोहोर करून ठेवलेल्या पाकिटात जे असेल ते.

गुरुजी, इथे फळ्यावर थोडे गणित मांडून दाखवा. समजा एका कोड्यात अशी दहा घरे आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी दोनच शब्द बसतात. तर एकूण किती तऱ्हेची उत्तरपत्रे होतील? दोन गुणिले दोन, असे दहा वेळा. उत्तर येते १,०२४. एका पत्राची फी चार आणे धरली, तर सगळी उत्तरे पाठवायला २५६ रुपये लागतील. एवढे पैसे कुणाकडे असणार? म्हणून माणूस दोन पाठवी, चार पाठवी, दहा पाठवी. बक्षीस हुकले की म्हणे, एकाच शब्दाने हुकले, पुढच्या आठवड्यात लागेल. यात शब्दांचे ज्ञान किती आणि फासा किती, हे तुम्हीच ठरवा. ज्याला भाषा उत्तम येते, त्याला तर तिन्ही शब्द सुचतात आणि तोच जास्त गोंधळतो!

पिंपरी-चिंचवड तेव्हा मुंबई राज्यात होते. पिंपरीला पेनिसिलिन बनवण्यासाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली स्थापन झाली, त्याच काळातली ही गोष्ट. मुंबई सरकारने १९४८ सालीच लॉटऱ्या आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला होता. पण प्रांताबाहेर छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांतल्या स्पर्धा त्यातून सुटत. १९५२ साली दुरुस्ती करून ही पळवाट बुजवली. बंगळुरूहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचे साप्ताहिक निघे आणि त्यातून आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालत. मुंबई राज्यातूनही पुष्कळ लोक त्यांत भाग घेत. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आमचा हा धंदा आहे, घटनेने प्रत्येकाला व्यापाराचे स्वातंत्र्य दिले आहे, त्यावर असा कर कसा लावता, असे त्यांचे म्हणणे. उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले.

इकडे संसदेनेही १९५५ साली बक्षीस-स्पर्धा कायदा केला. हा विषय मुळात राज्यांच्या अखत्यारीतला, म्हणून मुंबईसह अनेक राज्यांच्या विधानमंडळांनी आधी ठराव करून संसदेला तसा अधिकार दिला. या कायद्यात शब्दकोड्याच्या स्पर्धेचे नाव घेऊनच व्याख्या केलेली आहे. महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा अधिक बक्षीस द्यायचे नाही, एका स्पर्धेला दोन हजारांपेक्षा अधिक उत्तरपत्रे घ्यायची नाहीत, आणि स्पर्धा चालवायची तर परवाना हवा, असे ठरले. या कायद्यालाही आव्हान दिले गेले.

दोन्ही प्रकरणांचा निकाल लागला ९ एप्रिल १९५७ रोजी. मुंबई राज्याच्या खटल्याचा निकाल सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी लिहिला. त्यात त्यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचा आणि महाभारताचाही दाखला दिला आहे. जुगार हा या देशात कधी प्रतिष्ठेचा धंदा मानला गेला नाही, घटनेने व्यापाराला दिलेले संरक्षण त्याला मिळणार नाही, असा त्याचा मथितार्थ. या स्पर्धा जुगाराच्याच जातीच्या आहेत असे ठरले आणि राज्य सरकारचे अपील मान्य झाले.

पण मंडळी, न्यायालयाने शब्दकोड्याला सरसकट जुगार म्हटले नाही, बरं का. संसदेच्या कायद्याविषयीच्या दुसऱ्या निकालात त्याने एक रेघ ओढली. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, ती या कायद्याच्या कक्षेत येत नाही. जिथे ते तसे नसते, तिथेच हा कायदा लागू. म्हणजे कूट वेगळे आणि द्यूत वेगळे. ही रेघ पुढेही उपयोगी पडली. रमी हा पत्त्यांचा खेळ मुख्यतः कौशल्याचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले, ते याच मापाने.

आता काळ बदलला. कूपन आणि मनिऑर्डर यांची जागा मोबाईलने घेतली. पगार झाला की त्याच रात्री पडद्यावरच्या खेळात पैसे घालवणारी तरुण मुले कारखान्यांच्या पट्ट्यातही झाली आणि खेड्यांतही झाली. आमचा खेळ कौशल्याचा आहे, ही जाहिरात तीच जुनी! अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात कौशल्य आणि नशीब हा भेदच ठेवला नाही. पैसे लावले की बंदी. सत्तर वर्षांत कायदा इतका पुढे सरकला. ही सरसकट बंदी योग्य की अयोग्य, यावर मतभेद असतील. पण १९५७ च्या त्या रेघेचा उपयोग आपल्याला अजून आहे. ती आपण रोजच्या, बिनपैशाच्या कोड्याला लावून पाहू. कारण कोडे फुकटचे असले म्हणून काही ते चांगलेच असते असे नाही.

कोडे नुसते सोडवू नका, तपासाही. त्यासाठी तीन प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न: या उत्तराला साक्षीदार आहे का? गावच्या पंचायतीत एकाच्या शब्दावर निवाडा होत नाही, दुसऱ्याची साक्ष लागते. कोड्यात उभा शब्द हा आडव्या शब्दाचा साक्षीदार. एक नेहमीचे सूत्र घ्या: 'कमळ', तीन अक्षरे. पंकज, सरोज, नीरज, अंबुज, जलज, सगळे तीन अक्षरी. बरे, शेवटचे अक्षर उभ्या शब्दावरून 'ज' असे कळले, तरी उपयोग काय? पाचही शब्दांच्या शेवटी 'ज'च आहे! अशा वेळी रचणाऱ्याने पहिल्या किंवा मधल्या घरातूनही उभा शब्द न्यायला हवा. तो नेला नसेल, तर ते घर म्हणजे मोहोरबंद पाकीटच. इंग्लंडात कोडी रचणाऱ्या मंडळींतही यावर पुष्कळ खल झाला. सूत्राने सोडवणाऱ्याला चकवावे, पण सूत्राच्या शब्दांतून उत्तर प्रामाणिकपणे निघालेच पाहिजे, असा दंडक तिथल्या चांगल्या रचनाकारांनी स्वतःला घालून घेतला. तो आपणही घ्यावा.

दुसरा प्रश्न: घरातले अक्षर शुद्ध आहे का? इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण असतो. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, सगळे मिळून एक घर. इंग्रजीत चिंचवड लिहायला नऊ घरे लागतात. मराठीत चारच: चिं, च, व, ड. पिंपरीला तीन, आकुर्डीलाही तीन, कारण 'र्डी' हे एकच घर. म्हणून आपले कोडे आटोपशीर होते, पण रचायला कठीण जाते. नुसता 'व' जुळून भागत नाही, वेलांटीही जुळावी लागते. आडवा शब्द 'कवी' आणि त्याच्या शेवटच्या घरातून खाली 'विहीर' असे कोडे कधी कधी छापून येते. पण १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे 'कवी'मधला 'वी' दीर्घ, आणि 'विहीर'मधला 'वि' ऱ्हस्व. एका घरात दोन वेलांट्या कशा मावणार? असे कोडे चुकीचेच समजावे. मुलांना शुद्धलेखनाचा नियम पाठ करायला सांगितला की त्यांना कंटाळा येतो. हीच चूक कोड्यात शोधायला सांगा, वर्ग जागा होतो की नाही पाहा.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोड्यातले शब्द कुणाचे आहेत? पुष्कळ कोड्यांत तेच ते शब्द फिरत असतात: कमळाची संस्कृत नावे, सिनेमातल्या नट्या, परदेशांच्या राजधान्या. राब, मोट, खळे, इर्जिक हे शब्द किती वेळा दिसतात? सगळे मिळून एकमेकांच्या शेतात राबणे, याला इर्जिक म्हणतात. हा शब्द माहीत असलेल्या माणसाला आपण अडाणी समजतो आणि हॉलिवूडच्या नटाचे नाव सांगणाऱ्याला हुशार म्हणतो. हा न्याय नव्हे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त खेड्यापाड्यांतले, निरनिराळ्या बोलींतले शब्द मानाने नोंदवलेले आहेत. पुण्यात १९३२ पासून त्याचे खंड निघाले. कोशाला जे चालतात, ते कोड्याला का चालू नयेत?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात तर सबंध महाराष्ट्र एका बसमध्ये बसतो. मराठवाड्याचा, खानदेशाचा, विदर्भाचा, कोल्हापूरकडचा. एकाची आमटी, दुसऱ्याचे कालवण, तिसऱ्याचे कोरड्यास. कारखान्यात सर्वांचा गणवेश एक आणि यंत्राची भाषा एक. स्वतःचा शब्द घेऊन बोलायची जागा थोडी. त्या मावळच्या पोराला 'राब' सांगताना जो आनंद झाला, तो मी पाहिला आहे. त्या दिवशी गाडीत त्याच्या गावाला मान मिळाला.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. शनिवारच्या एका तासाला फळ्यावर पाच घरे आडवी, पाच घरे उभी अशी चौकट आखा. मुलांना सांगा, प्रत्येकाने घरून एक शब्द आणायचा. आजीला विचारा, वडिलांना विचारा, शेतावरच्या गड्याला विचारा. मग ते शब्द चौकटीत बसवा आणि सूत्रे मुलांनाच रचू द्या. एका गटाचे कोडे दुसऱ्या गटाने सोडवायचे आणि वर सांगितलेले तीन प्रश्न विचारायचे. साक्षीदार आहे का? अक्षर शुद्ध आहे का? शब्द कुणाचा? एखाद्या सूत्राची दोन उत्तरे निघाली, तर मार्क सोडवणाऱ्याला द्यायचे, रचणाऱ्याला नाही.

आणि तुम्ही मोठी मंडळी, वर्तमानपत्रातल्या कोड्यात चूक दिसली तर मुकाट्याने पान उलटू नका. संपादकांना चार ओळींचे पत्र टाका. सूत्र कुठे फसले, कोणत्या घरात दोन अक्षरे बसतात, ते नेमके लिहा. 'कोडे वाईट आहे' एवढेच लिहिले तर कुणी ऐकणार नाही. चूक दाखवायची तर तिलाही साक्षीदार लागतो.

व्यासांनी गणपतीला अवघड श्लोक घातले, पण उत्तर पाकिटात बंद करून ठेवले नाही. ते श्लोकातच होते. विचार करणाऱ्याच्या हाती ते लागेल एवढी खात्री दिली, तर कोडे कितीही कठीण असू द्या. उद्या सकाळी पेन हाती घ्याल तेव्हा ही एवढी गोष्ट आठवा. रामराम!